हृदयरोगावरचा पहिला शोधनिबंध वाचायला घेताना

हार्ट अटॅकमधून वाचलेल्या माणसाच्या ईसीजीवर मधूनच एखादा ठोका अवेळी पडलेला दिसतो. असे जादा ठोके ज्यांना जास्त, ते लवकर दगावतात, हे बऱ्याच आधीपासून माहीत होतं. त्यामुळे १९८० च्या दशकात डॉक्टरांनी सरळ विचार केला: ठोके दाबणारी औषधं द्या, माणसं वाचतील. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ठोके दाबत होती, यात शंका नव्हती. ईसीजी स्वच्छ दिसायचा.

मग ‘कास्ट’ नावाची चाचणी झाली. ज्यांचे ठोके औषधाने खरोखर दबतात असे रुग्ण आधी निवडले आणि त्यांतल्या निम्म्यांना औषध, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी, म्हणजे प्लासिबो, दिली. १९९१ मध्ये आलेल्या अहवालात आकडे असे होते: सरासरी दहा महिन्यांत प्लासिबो गटातल्या ७४३ पैकी २६ जण गेले आणि औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३. ईसीजी सुधारत होता आणि माणसं मरत होती.

मी कुणालाही हृदयरोगावरचं संशोधन वाचायला शिकवते तेव्हा याच गोष्टीपासून सुरुवात करते. कारण या क्षेत्रातल्या बहुतेक चुका एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात: आकडा सुधारला की माणूस? तुम्ही वैद्यकीय विद्यार्थी असा, नर्स असा, संशोधन विभागात नव्याने रुजू झालेले असा किंवा घरातल्या कुणाच्या आजारामुळे हे वाचू लागला असाल, खालच्या पायऱ्या सगळ्यांना सारख्याच लागू पडतात. संख्याशास्त्र आलंच पाहिजे असं नाही. कागद, पेन आणि साधा भागाकार पुरेसा आहे.

पायरी १: निबंध एका ओळीत लिहून काढा

सारांश वाचून झाला की पुढे जाऊ नका. वहीत लिहा: कोणते रुग्ण, त्यांना काय दिलं, कशाच्या तुलनेत, काय मोजलं, किती काळ. ही ओळ लिहिता आली नाही तर दोन शक्यता असतात. एक तर तुम्ही घाईत वाचलंत, नाहीतर लेखकांनीच ते धूसर ठेवलंय. दोन्ही वेळा ‘पद्धती’ या विभागाकडे जायचं. नवखा वाचक सारांशातून थेट निष्कर्षावर उडी मारतो आणि पद्धतींचा विभाग रूक्ष म्हणून सोडतो. तसं करू नका. निष्कर्षाला किती किंमत द्यायची ते त्याच पानांवर ठरतं.

पायरी २: अभ्यासाची जात ओळखा

काही अभ्यासांत संशोधक फक्त पाहतात. लोक आपापल्या मर्जीने जगतात, संशोधक नोंदी ठेवतात. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ मध्ये ५,२०९ लोकांना घेऊन सुरू झालेला अभ्यास हा याचा नमुना. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयरोगाशी असलेला संबंध अशाच धीराने केलेल्या नोंदींतून पक्का होत गेला. अशा अभ्यासाला कमी लेखू नका. धोका कुठे आहे हे तो दाखवतो. पण ‘अमुक उपचाराने फायदा होतो’ हे सिद्ध करायला तो सहसा अपुरा पडतो.

का, ते एका उदाहरणात पाहा. रजोनिवृत्तीनंतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयरोग कमी होतो, असं अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसत होतं. मग अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रकल्पात १६,६०८ स्त्रियांना अक्षरशः चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन, दुसऱ्याला प्लासिबो. २००२ मध्ये चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. हृदयरोगाच्या घटना कमी होण्याऐवजी वाढल्या होत्या, दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला सुमारे ७ जादा. आधीचे अभ्यास फसले याचं एक मोठं कारण असं की स्वतःहून गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक निरोगी आणि तब्येतीला जपणाऱ्या होत्या.

चिठ्ठ्या टाकून केलेल्या वाटणीला रँडमायझेशन म्हणतात. त्याचं बळ असं की वय, पैसा, सवयी, आणि मुख्य म्हणजे आपल्याला ठाऊकही नसलेल्या गोष्टी, दोन्ही गटांत जवळपास सारख्या वाटल्या जातात. निबंधात हा शब्द सापडला की पुढचा प्रश्न: कुणाला कोणता गट मिळणार हे आधी ओळखता येत होतं का? येत असेल तर वाटणीचा अर्थच संपतो.

पायरी ३: तुलना कशाशी आणि कोणाला काय ठाऊक होतं

छातीत दुखणं ही तक्रार अपेक्षेवर फार हलते. आपल्यावर मोठा उपचार झाला या जाणिवेनेही दुखणं कमी होतं. गोळीची तुलना प्लासिबोशी करणं सोपं आहे, पण स्टेंटची, म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत बसवलेल्या जाळीच्या नळीची, तुलना कशाशी करणार?

ब्रिटनमधल्या ‘ऑर्बिटा’ चाचणीने याचं उत्तर दिलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २०० रुग्ण होते. सगळ्यांची हृदयाची एकच मुख्य रक्तवाहिनी ७० टक्के किंवा त्याहून जास्त अरुंद झालेली आणि त्रास स्थिर स्वरूपाचा, म्हणजे अटॅक चालू असलेले रुग्ण यात नव्हते. सहा आठवडे औषधं नीट बसवली. मग सगळ्यांना कॅथ लॅबमध्ये, म्हणजे स्टेंट बसवतात त्या खोलीत, नेलं, गुंगी दिली, कानांवर हेडफोन लावले. काहींना स्टेंट बसवला, काहींना बसवलाच नाही, आणि कुणाला काय मिळालं ते रुग्णालाही माहीत नव्हतं, नंतर तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हतं. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालण्याची वेळ मोजली. स्टेंटच्या गटात ती सरासरी २८.४ सेकंदांनी वाढली, दुसऱ्यात ११.८ सेकंदांनी. फरक १६.६ सेकंदांचा, तोही योगायोगाने येऊ शकेल इतकाच.

यावरून ‘स्टेंट निरुपयोगी’ असा मथळा करणारे चुकले. त्याच गटाने २०२३ मध्ये ‘ऑर्बिटा-२’ प्रसिद्ध केली. यात ३०१ रुग्णांची छातीदुखीची औषधं आधी बंद केली आणि मग तशीच तुलना केली. या वेळी स्टेंटच्या गटात छातीदुखी स्पष्टपणे कमी झाली. प्रश्न बदलला तसं उत्तर बदललं: औषधं पुरेशी दिल्यावर स्टेंट त्यात किती भर घालतो हा एक प्रश्न, औषधांशिवाय स्टेंट किती काम करतो हा दुसरा. आणि हार्ट अटॅक चालू असताना बंद वाहिनी उघडणं हा तिसराच प्रश्न. तिथे अँजिओप्लास्टीने, म्हणजे फुगा किंवा स्टेंट घालून वाहिनी मोकळी केल्याने, जीव वाचतात, याला भक्कम पुरावा आहे. हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळू देऊ नका.

पायरी ४: नेमकं काय मोजलं

प्रत्येक चाचणीला एक मुख्य मापदंड असतो, त्याला प्रायमरी एंडपॉइंट म्हणतात. तो शोधा आणि त्याखाली रेघ मारा. मग विचारा, रुग्णाला हे स्वतःला जाणवेल का? मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात, हॉस्पिटलात भरती व्हावं लागणं, दम लागणं, या गोष्टी त्याला जाणवतात. कोलेस्टेरॉलचा आकडा, ईसीजीवरचे जादा ठोके जाणवतीलच असं नाही. ती उसनी मापं आहेत. ती लवकर मोजता येतात म्हणून वापरतात, आणि रक्तदाब किंवा एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) यांसारखी काही उसनी मापं बऱ्यापैकी विश्वासाची ठरली आहेत. पण विश्वास प्रत्येक नव्या औषधाने पुन्हा कमवावा लागतो. टॉरसेट्रापिब या औषधाने ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, ७२ टक्क्यांनी वाढत होतं आणि एलडीएल सुमारे २५ टक्क्यांनी उतरत होतं. लॅबच्या कागदावर याहून सुंदर चित्र नसेल. १५,०६७ रुग्णांच्या चाचणीत औषधाच्या गटात ९३ मृत्यू झाले, दुसऱ्यात ५९. २००६ च्या डिसेंबरमध्ये चाचणी थांबवली.

आणखी एक जागा जपण्यासारखी आहे. अनेक चाचण्यांत चार-पाच घटनांची मोट बांधून एकच मापदंड करतात: मृत्यू, अटॅक, पक्षाघात आणि ‘पुन्हा अँजिओप्लास्टी करावी लागणं’. एकत्र आकडा सुधारला की निकाल यशस्वी. पण तक्ता उघडून प्रत्येक घटना वेगळी पाहा. कधी मृत्यू दोन्हीकडे सारखेच असतात आणि सगळा फरक पुन्हा केलेल्या अँजिओप्लास्टींमुळे आलेला असतो. ती करायची की नाही हे डॉक्टर ठरवतो, आणि कोणता रुग्ण कोणत्या गटात आहे हे त्याला माहीत असेल तर तो आकडा विशेष सांभाळून वाचावा लागतो.

पायरी ५: टक्केवारी उलगडा

वही इथे कामाला येते. एक खरी चाचणी घेऊन बसू. ‘फोर-एस’ ही १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेली स्कँडिनेव्हियन चाचणी. ४,४४४ रुग्ण, सगळ्यांना आधीपासून हृदयरोग आणि कोलेस्टेरॉल वाढलेलं. सिमवास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध विरुद्ध प्लासिबो, साधारण ५.४ वर्षं. निकाल: मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी.

आता हे ३० टक्के कशाचे, ते काढा. प्लासिबो गटात २,२२३ पैकी २५६ मृत्यू, म्हणजे शंभरात सुमारे ११.५. औषधाच्या गटात २,२२१ पैकी १८२, म्हणजे शंभरात ८.२. वजाबाकी ३.३. आता १०० ला ३.३ ने भागा, उत्तर साधारण ३०. म्हणजे अशा ३० रुग्णांनी पाच-साडेपाच वर्षं औषध घेतलं की त्या काळातला एक मृत्यू टळतो.

हा निकाल फार मोलाचा आहे हे मला ठासून सांगायचंय, कारण ‘तीसमध्ये एकच?’ असं म्हणून लोक नाक मुरडतात. एका साध्या गोळीने मृत्यूच टळत असेल तर तीसमध्ये एक हा उत्तम हिशोब आहे. पण हाच ‘३० टक्के’ आकडा ज्याचा मूळ धोका शंभरात १ आहे अशा निरोगी माणसाला लावला तर वजाबाकी ०.३ येते, आणि एक घटना टाळायला तीनशेहून जास्त लोकांना औषध द्यावं लागतं. टक्के तेच, अर्थ निराळा. म्हणून ‘इतक्या टक्क्यांनी कमी’ असं वाचलं की लगेच शोधा, मुळात किती होतं?

आकड्याशेजारी कंसात एक पट्टा दिलेला असतो, त्याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. फोर-एसमध्ये धोक्याचं गुणोत्तर, म्हणजे औषधाच्या गटातला धोका भागिले प्लासिबो गटातला धोका, ०.७० होतं आणि पट्टा ०.५८ ते ०.८५. सगळा पट्टा १ च्या खाली, म्हणजे फायदा नक्की, फक्त त्याचा आकार थोडा पुढेमागे. पट्टा १ ओलांडून दोन्ही बाजूंना पसरला असेल तर तोटाही शक्य आहे असं समजा. मी पी-व्हॅल्यूपेक्षा (उपचाराचा परिणाम नसतानाही असा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) या पट्ट्याकडे आधी पाहते. ‘फरक आहे की नाही’ यापेक्षा ‘फरक केवढा असू शकतो’ हे त्यातून कळतं.

पायरी ६: गट फोडून वाचायचा मोह आवरा

‘ज्यांनी औषध नेमाने घेतलं फक्त त्यांचाच हिशोब का करू नये?’ हा प्रश्न प्रत्येक नवखा माणूस विचारतो, आणि प्रश्न रास्त आहे. उत्तर ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ या चाचणीच्या १९८० च्या विश्लेषणात आहे. क्लोफायब्रेट हे औषध नेमाने घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत १५.० टक्के दगावले, नेमाने न घेणाऱ्यांपैकी २४.६ टक्के. औषध लागू पडलं असंच वाटेल. पण प्लासिबो गटातही तसंच होतं: निष्क्रिय गोळी नेमाने खाणाऱ्यांत १५.१ टक्के, नेमाने न खाणाऱ्यांत २८.२ टक्के. गोळीत काहीच नव्हतं, फरक गोळी नेमाने घेणाऱ्या माणसांत होता. म्हणून ज्याला जो गट मिळाला त्याच गटात त्याला शेवटपर्यंत मोजायचं, गोळी घेतली असो वा नसो. निबंधात ‘इंटेन्शन टू ट्रीट’ असं लिहिलेलं असतं ते हेच.

दुसरा मोह उपगटांचा. १९८८ च्या ‘इसिस-२’ चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. हार्ट अटॅकच्या वेळी दिलेल्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले मृत्यू ११.८ टक्क्यांवरून ९.४ वर आले. संशोधकांनी मुद्दाम रुग्णांचे राशींप्रमाणे गट पाडून दाखवले. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिन किंचित अपायकारक ‘दिसलं’. डेटा पुरेसे तुकडे करून पाहिला की कुठेतरी काहीतरी दिसतंच, हे त्यांना पटवायचं होतं. तेव्हा ‘मधुमेह असलेल्या, साठीवरच्या पुरुषांत विशेष फायदा’ असं वाचलं की हा उपगट चाचणी सुरू होण्याआधी ठरवला होता का, हे पाहा.

पायरी ७: निदानावरचा निबंध वेगळ्या नजरेने

उपचाराच्या चाचणीत गट असतात. निदानाच्या अभ्यासात मुख्य प्रश्न असा असतो: नवी तपासणी जे सांगते ते कुठल्या मानक तपासणीशी ताडून पाहिलं? आणि ती मानक तपासणी सगळ्यांची केली की फक्त ज्यांची नवी तपासणी पॉझिटिव्ह आली त्यांचीच? दुसरं असेल तर निसटलेले रुग्ण कधी सापडणारच नाहीत आणि तपासणी आहे त्यापेक्षा चांगली दिसेल.

संवेदनशीलता म्हणजे आजार असलेल्या शंभरांपैकी कितींना तपासणीने पकडलं. विशिष्टता म्हणजे आजार नसलेल्या शंभरांपैकी कितींना योग्य रीतीने मोकळं सोडलं. दोन्ही आकडे छान असूनही तपासणी फसवू शकते. एक काल्पनिक हिशोब करू. संवेदनशीलता ९०, विशिष्टता ८०.

आधी असे १,००० लोक घ्या ज्यांच्यापैकी निम्म्यांना आजार आहे. वय जास्त, चालताना छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं. आजारी ५०० पैकी ४५० पकडले जातील, निरोगी ५०० पैकी १०० जणांना उगाच पॉझिटिव्ह मिळेल. एकूण ५५० पॉझिटिव्ह, त्यांतले ४५० खरे. शंभरात ८२.

आता असे १,००० घ्या ज्यांच्यापैकी फक्त ५० जणांना आजार आहे, तरुण आणि तक्रार मोघम. ५० पैकी ४५ पकडले जातील. पण ९५० निरोगींपैकी १९० जणांनाही पॉझिटिव्ह मिळेल. एकूण २३५ पॉझिटिव्ह, खरे ४५. शंभरात १९. तपासणी तीच, यंत्र तेच. म्हणून ‘पॉझिटिव्ह आलं’ या शब्दांना रुग्ण समोर नसेल तर अर्थ नसतो. हा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने करा. वाचून पटतो, पण हाताने केल्यावर विसरत नाही.

ट्रोपोनिनचंही असंच. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात वाढतं आणि आजच्या अतिसंवेदनशील तपासण्या अगदी थोडी वाढही टिपतात. पण मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात, गंभीर जंतुसंसर्गात, हृदयाच्या स्नायूला सूज आल्यावरही ते वाढलेलं असतं. म्हणून अटॅकचं निदान करताना एकच आकडा पाहत नाहीत. काही तासांनी पुन्हा मोजून तो चढतोय की उतरतोय ते पाहतात, जोडीला ईसीजी आणि तक्रारी. निबंधात ट्रोपोनिनची एकच सीमारेषा दिली असेल तर ती किती वेळाच्या अंतराने आणि कोणत्या रुग्णांवर ठरवली ते शोधा.

निदानाच्या अभ्यासाची खरी कसोटी मात्र याच्याही पुढे आहे. आजार सापडला, पुढे काय? स्कॉटलंडमधल्या ‘स्कॉट-हार्ट’ चाचणीत छातीत दुखतं म्हणून आलेल्या ४,१४६ जणांना दोन गटांत वाटलं: एकाला नेहमीची तपासणी, दुसऱ्याला तिच्या जोडीला सीटी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं स्कॅन. पाच वर्षांत हृदयरोगाने मृत्यू किंवा अटॅक सीटीच्या गटात २.३ टक्के, दुसऱ्यात ३.९ टक्के. आणि पाच वर्षांच्या हिशोबात सीटीच्या गटात अँजिओप्लास्टी किंवा बायपास जास्त झाले नव्हते. वाढली होती ती प्रतिबंधक औषधं. फोटोने कुणी बरं होत नाही. फोटो पाहून योग्य औषध सुरू झालं असावं, म्हणून फरक पडला. निदानाच्या प्रत्येक नव्या यंत्राला मी हेच विचारते: तुझ्यामुळे पुढचा निर्णय बदलतो का?

पायरी ८: नोंदणी तपासा

चाचणी सुरू होण्याआधी तिचा आराखडा आणि मुख्य मापदंड जाहीर नोंदवहीत टाकायचा असतो. ‘क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह’ ही अशी सर्वांसाठी खुली नोंदवही २००० मध्ये सुरू झाली. निबंधात नोंदणी क्रमांक असतो, तो तिथे टाका आणि मुख्य मापदंड निबंधातल्याशी जुळतो का पाहा. दहा मिनिटांचं काम आहे. त्याचं महत्त्व किती, ते २०१५ च्या एका विश्लेषणात दिसतं. अमेरिकन सरकारी निधीतून झालेल्या हृदयरोगावरच्या मोठ्या चाचण्यांपैकी २००० पूर्वीच्या ३० पैकी १७ चाचण्यांत उपचाराचा फायदा दिसला होता. त्यानंतरच्या २५ पैकी फक्त २. आधी काय मोजणार ते लिहून ठेवायची सक्ती आली, हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण असावं असं त्या संशोधकांचं मत आहे.

निधी कोणी दिला तेही याच वेळी पाहून घ्या. कंपनीने पैसे दिले म्हणून चाचणी खोटी ठरत नाही, पण तुलना कशाशी केली ते मग दुप्पट काळजीने वाचावं.

रुग्णाशी जोडताना

शेवटी निबंध बाजूला ठेवून निवडीचे निकष पुन्हा वाचा. फोर-एसच्या ४,४४४ रुग्णांत स्त्रिया ८२७ होत्या आणि वय ३५ ते ७० मधलं. तुमच्या समोरच्या व्यक्तीचं वय ८२ असेल, मूत्रपिंड कमकुवत असेल, आधीच आठ औषधं चालू असतील, तर तो निकाल तिला जसाच्या तसा लागू होत नाही. नाकारायचाही नसतो, जपून लावायचा असतो. आणि घरच्या रुग्णासाठी वाचत असाल तर एक कळकळीची विनंती: निबंध वाचून चालू औषध स्वतःहून बंद करू नका. हृदयाचे ठोके संथ करणारी बीटा ब्लॉकरसारखी औषधं अचानक तोडली तर छातीदुखी उसळते, अटॅकही येऊ शकतो. त्याऐवजी पहिल्या पायरीत लिहिलेली ओळ घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, ‘या चाचणीतले रुग्ण आमच्या आईसारखे होते का?’